पुण्यात नवे आहात? उन्हाळ्यातले कार्यक्रम असे गाठा

पुण्याचे गाजणारे सोहळे उन्हाळ्यात नसतात. सवाई गंधर्व संगीत महोत्सव डिसेंबरात, गणपती भाद्रपदात, महाविद्यालयांच्या एकांकिका पावसाळ्यात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बदली होऊन आलेल्या माणसाची समजूत होते की आता गणपतीपर्यंत सिंहगड आणि मॉल एवढंच. प्रत्यक्षात चैत्र ते ज्येष्ठ या दिवसांत शहरात जवळजवळ रोज संध्याकाळी कुठं ना कुठं काहीतरी चालू असतं. ते एका मांडवाखाली मिळत नाही, एवढीच अडचण. ते लहान सभागृहांत, देवळांत, कलादालनांत विखुरलेलं असतं आणि त्याची जाहिरात बहुतेकदा वर्तमानपत्रातल्या चार ओळींपलीकडे जात नाही. त्या चार ओळी कुठं शोधायच्या आणि सापडल्यावर काय करायचं, ते इथं क्रमानं सांगतो. तुम्ही नांदेडहून आला असाल की नागपूरहून, हिंजवडीत नोकरीला असाल की पेठेत कॉट बेसिसवर राहात असाल, क्रम तोच.

पायरी १: भिंतीवर कालनिर्णय लावा

मोबाइलचं कॅलेंडर इथं अर्ध्यावरच साथ देतं. उन्हाळ्यातले निम्मे कार्यक्रम तिथीनं येतात आणि निम्मे तारखेनं.

तिथीनं येणारे: गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, रामनवमी, चैत्र पौर्णिमेच्या जत्रा, अक्षय्य तृतीया, वैशाख पौर्णिमा आणि ज्येष्ठातली पालखी. तारखेनं येणारे: ११ एप्रिलची महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, २१ एप्रिल ते २० मे वसंत व्याख्यानमाला, २७ मेच्या सुमारास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा वर्धापनदिन, २६ जूनला बालगंधर्व रंगमंदिराचा. तारखेचे एकदाच लिहून टाका, दरवर्षी उपयोगी पडतात. तिथीचे दर पाडव्याला नव्यानं बघावे लागतात, आणि अधिक महिना आला की सगळा हिशेब पुढं सरकतो.

चैत्रात आणखी एक गोष्ट होते, जिची बातमी कुठंच येत नाही. चैत्रागौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. सोसायटीतल्या काकूंनी बोलावलं तर नाही म्हणू नका. कैरी घातलेली वाटली डाळ आणि पन्हं तर मिळतंच, शिवाय दारात चैत्रांगण पाहायला मिळतं. गौरीच्या पाळण्यापासून शंख, चक्र, कासवापर्यंत ठरलेली चिन्हं रांगोळीत रेखायची ही घरगुती कला आता फार थोड्या हातांत उरली आहे. पाहिलीत तर काढणाऱ्या आजींना एकेका चिन्हाबद्दल विचारा, त्यांना सांगायला आवडतं.

पायरी २: सुरुवात वसंत व्याख्यानमालेपासून करा

नव्या माणसानं एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर माझं मत ठाम आहे: टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरातली वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये ती सुरू केली. म्हणजे २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षं झाली. २१ एप्रिल ते २० मे, रोज संध्याकाळी एक वक्ता, एक विषय. शेती, न्यायव्यवस्था, संगीत, परराष्ट्र धोरण, आरोग्य, कशाचीही वर्ज्यता नाही.

हिच्यापासूनच सुरुवात का? एक तर महिनाभर रोज असल्यामुळे आज चुकलं तर उद्या आहेच, आधी बेत आखावा लागत नाही. दुसरं म्हणजे इथं येणारा श्रोता. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणारे निवृत्त गृहस्थ, ग्रंथालयातून उठून आलेले स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, भाजीची पिशवी घेऊन आलेल्या बाई. भाषण रंगलं नाही तर हे लोक ते तोंडावर जाणवू देतात, आणि रंगलं तर जिन्यावर अर्धा तास वाद घालत उभे राहतात. तो वाद ऐकायला थांबा. पुण्यात कुठला वक्ता ऐकण्यासारखा आहे, कुठल्या गाण्याला जायला हवं, याची खरी माहिती तिथं फुकट मिळते.

संपूर्ण महिन्याचं वेळापत्रक आधी छापलं जातं. ते हातात आलं की आपल्या आवडीचे चार-पाच विषय आणि ज्याबद्दल काहीच माहीत नाही असा एखादा तरी विषय, असं खूण करून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. ठरलेल्या वेळेला सुरुवात होते आणि उशिरा येणाऱ्याकडे वळून बघण्याची इथल्या श्रोत्यांना जुनी सवय आहे.

पायरी ३: सभागृहांचा नकाशा पाठ करा

कार्यक्रमांची नावं बदलतात, जागा त्याच राहतात. म्हणून जागा लक्षात ठेवा.

टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद आहे आणि हिराबाग चौकात ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. त्याच इमारतीत श्रीराम लागू रंग-अवकाश हे प्रायोगिक नाटकांचं छोटं नाट्यगृह आहे. आत वळलात की सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर. ही १८९४ पासूनची संस्था, संगीत नाटक अजून जिवंत ऐकायचं असेल तर तिच्या फलकावर लक्ष ठेवायचं. तिथून चालत नवी पेठेत गेलात की एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन आणि निवारा, तिन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पुस्तक प्रकाशनं, कविसंमेलनं, सत्कार, चर्चा यांचा सगळा राबता इथं. नदीपलीकडे जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिर, आणि जवळच घोले रस्त्यावर महापालिकेचं राजा रविवर्मा कलादालन.

ही सगळी ठिकाणं पायी जोडता येतात. नव्या माणसानं एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, हा फेरा एकदा मारावा आणि प्रत्येक फाटकाशी लावलेले फलक वाचावेत. शहरातल्या आठवड्याभराच्या कार्यक्रमांचा अंदाज तेवढ्यावर येतो.

कोथरूडला राहणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपरीला संत तुकारामनगरमधलं आचार्य अत्रे रंगमंदिर जवळ पडतं. मुंबईहून येणारी व्यावसायिक नाटकं या नाट्यगृहांतही लागतात, तेव्हा प्रत्येक वेळी शहरात उतरायची गरज नाही.

फलकांनंतरचं साधन म्हणजे मराठी वर्तमानपत्र. नाटकांच्या जाहिराती आतल्या पानावर असतात, आणि शहराच्या पानांवर त्या दिवशीच्या कार्यक्रमांचं बारीक टाइपातलं सदर असतं. मोबाइलवर येणारे निरोप नंतर येतील. एकदा चार कार्यक्रमांना दिसलात की कुणीतरी आपणहून तुम्हाला गटात घालतं.

पायरी ४: प्रवेशिकेचं व्याकरण

"प्रवेश विनामूल्य" हे शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी छापले जातात आणि इथं नवे लोक गोंधळतात.

नुसतं "सर्वांसाठी खुला" असेल तर सरळ जा आणि बसा. "प्रवेशिका आवश्यक" असेल तर कार्यक्रमाच्या आधी एक-दोन दिवस ती सभागृहावर किंवा जाहिरातीत दिलेल्या दुकानातून आणावी लागते. मोठं नाव असेल तर प्रवेशिका पहिल्या सकाळीच संपतात आणि एका माणसाला दोनच देतात. आणि "काही जागा राखीव" असेल तर पुढच्या रांगा निमंत्रितांच्या आहेत असं समजा. तिथं बसलात तर कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं असताना अतिशय नम्र शब्दांत उठवलं जाईल. मधल्या रांगेतली कडेची खुर्ची धरा. आवाज चांगला येतो आणि निघायचं झालं तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत.

पायरी ५: नाटक

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे व्यावसायिक नाटकांचा हंगाम. शनिवार-रविवारी एकाच नाट्यगृहात साधारण साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ असे तीन खेळ लागतात, तिन्ही वेगळ्या नाटकांचे. तिकीट मोबाइलवर मिळतंच. तरीही एकदा खिडकीवर जाऊन काढून बघा. तिथं खुर्च्यांचा प्लॅन समोर असतो आणि कुठली रांग घ्यावी हे खिडकीवरचा माणूस खरं सांगतो. खिडकी दिवसभर उघडी नसते, सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास. वेळ जाहिरातीत बघून निघा. पैसे वाचवायचे असतील तर बाल्कनी घ्या. बालगंधर्वच्या बाल्कनीतून सगळा रंगमंच नीट दिसतो; चेहऱ्यावरचे बारकावे तेवढे हुकतात.

दुपारचा साडेबाराचा खेळ नवख्यांना विचित्र वाटतो. मला विचाराल तर मे महिन्यात तोच उत्तम. बाहेर चाळीस अंशांचं ऊन असताना तुम्ही आत अंधारात बसलेले असता, तिकीट सहज मिळतं आणि परत जाताना वाहनांची चिंता नसते. तिसरी घंटा झाली की आत असायला हवं. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा यांच्यासाठी रांग लागते, म्हणून पडदा पडताच उठा.

बालगंधर्वबद्दल एक गोष्ट माहीत असावी. या वास्तूची पायाभरणी १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली, पण २६ जून १९६८ ला तिचं उद्घाटन झालं तेव्हा ते हयात नव्हते. वर्धापनदिनाच्या आसपास काही दिवस इथं नाटक, लावणी, वाद्यवृंद, कलावंतांचे सत्कार असं सगळं होतं. शांत, निवडक कार्यक्रमाची आवड असेल तर तो गलका सोसणार नाही. पण पडद्यामागचे लोक, म्हणजे प्रकाशयोजना करणारे, नेपथ्य उभारणारे, रंगभूषाकार, एकत्र दिसायची ती संधी आहे.

प्रायोगिक नाटक पाहायचं असेल तर रंग-अवकाशाकडे किंवा एरंडवण्यातल्या 'द बॉक्स'कडे वळा. इथं नट हाताच्या अंतरावर असतो, त्यामुळे खोकलासुद्धा बेतानं काढावा लागतो.

पायरी ६: दुपारची सोय

अकरा ते पाच घराबाहेर पडायचं असेल तर छताखालचं ठिकाण हवं. कलादालनं यासाठीच आहेत. एप्रिल-मेमध्ये चित्रकला शिकणाऱ्यांची, हौशी छायाचित्रकारांची, सुलेखन करणाऱ्यांची प्रदर्शनं लागतात. प्रवेशाला बहुधा पैसे पडत नाहीत आणि चित्रकार स्वतः कोपऱ्यात बसलेला असतो. बोला त्याच्याशी. अभिप्रायाच्या वहीत "छान" एवढंच लिहू नका.

बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दोन दुपारी मागतं. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दरवाजे. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर लोक किती हात फिरवत होते ते इथं कळतं. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरलात तर शेवटच्या मजल्यावर नजर थकते.

सिनेमाचं वेड असेल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथले काही खेळ विनामूल्य असतात. मे-जूनच्या सुमारास चित्रपट रसास्वाद वर्ग भरत आला आहे. संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून तो घेतात. त्यासाठी अर्ज बरेच आधी करावे लागतात, म्हणून चौकशी फेब्रुवारी-मार्चपासूनच ठेवा.

पायरी ७: देवळांतलं आणि चौकांतलं

पुण्यातली कला फक्त सभागृहात शोधणं म्हणजे अर्धं शहर वगळणं. रामनवमीला तुळशीबागेच्या राम मंदिरात दुपारी बाराचा जन्म बघा, पण साडेदहालाच आत जाऊन जागा धरा. नारदीय कीर्तन म्हणजे नक्की काय हे कळण्यासाठी सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात जा. पूर्वरंगात निरूपण, मध्ये बुक्का आणि नामगजर, उत्तररंगात आख्यान. तबला-पेटीच्या साथीवर एकटा माणूस दीड-दोन तास शेवटच्या रांगेपर्यंतचे श्रोते बांधून ठेवतो, आणि ती कला कुठलाही वक्तृत्वाचा वर्ग शिकवू शकत नाही. कीर्तन शिकायची इच्छा झाली तर त्याचीही सोय तिथंच आहे.

दगडूशेठ गणपतीला अक्षय्य तृतीयेला अकरा हजार आंब्यांची आरास असते आणि वैशाख पौर्णिमेला शहाळ्यांची. मोगऱ्याची आरासही याच दिवसांतली. गर्दी टाळायची तर पहाटे जा. संध्याकाळी नुसतं ढकलत पुढं नेतात.

११ एप्रिलला गंज पेठेतल्या फुले वाड्यावर आणि १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळच्या आंबेडकर पुतळ्यापाशी जा. या चार दिवसांत वस्त्यावस्त्यांत शाहिरी, भीमगीतं, एकपात्री प्रयोग, पुस्तकांचे स्टॉल असतात. पेठेतल्या सभागृहात कधीच ऐकू न येणारा आवाज इथं ऐकू येतो, आणि पुस्तकं फार स्वस्त मिळतात. चार पैसे आणि रिकामी पिशवी घेऊन जा.

पायरी ८: शहराबाहेर पडा

हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी एक दिवस तरी लॅपटॉप मिटून म्हातोबाचं बगाड, म्हणजे नवसाचा उंच लाकडी गाडा, पाहावं. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, हिंजवडीहून वाकडच्या देवळापर्यंत बगाडाची मिरवणूक निघते आणि मानाच्या गळकऱ्याला गळ टोचून त्यावर चढवलं जातं. काचेच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासूनचं ते गाव त्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येतं. ज्यांना गळ बघवत नाही त्यांनी लांबून ढोल आणि भंडारा बघावा. त्या भागातली वाहतूक वळवलेली असते हे ध्यानात असू द्या.

आणि तमाशा. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव पुण्याहून नाशिक रस्त्यानं साधारण पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. पाडव्याच्या आगेमागे तिथं फडमालकांच्या, म्हणजे तमाशा मंडळं चालवणाऱ्यांच्या, राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. कुठल्या गावाला कुठला फड, किती रकमेला, हे तिथं ठरतं. खेळ बघायचा तर जवळच्या गावच्या जत्रेला जा. रात्री उशिरा गण, म्हणजे गणेशवंदना, सुरू होतो, मग कृष्ण-गवळणींची गवळण, विनोदी संवादांची बतावणी, आणि मध्यरात्रीनंतर वग, म्हणजे मुख्य नाट्य. दुसऱ्या दिवशी हजेरीचा, म्हणजे दिवसा होणारा तमाशाचा, कार्यक्रम आणि कुस्त्यांचा आखाडा. प्रेक्षकांसाठी खुर्च्या असतीलच असं नाही, बसायला सतरंजी न्या. कुटुंबासह जायचं असेल तर गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारून जा; काही जत्रांत बायका-मुलं पुढं बसलेली असतात, काहींत नाही. मोबाइलवर चित्रण करण्याआधी फडातल्या माणसाची परवानगी घ्या. त्यांचं वर्षाचं पोट या दोन महिन्यांवर अवलंबून असतं.

मुलं असतील तर

एप्रिल लागला की शिबिरांच्या पत्रकांचा पाऊस पडतो. दोन प्रश्न विचारा: एका शिक्षकामागे मुलं किती, आणि शेवटच्या दिवशी "भव्य सादरीकरण" आहे का. असेल तर शिबिरातला बराचसा वेळ त्या सादरीकरणाच्या तालमीत जाणार हे गृहीत धरा. दहा दिवसांत सहा कला शिकवणाऱ्या शिबिरापेक्षा एकच गोष्ट, मातीकाम असो वा नाटक, निवांत करू देणारं शिबिर मला बरं वाटतं. आणि बालनाट्याला जाणार असाल तर मुलाला पुढच्या रांगेत बसवा, स्वतः मागं बसा.

वळीव आणि परतीचा रस्ता

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी ढग दाटले आणि वारा पडला की समजा, संध्याकाळचा उघड्यावरचा कार्यक्रम धोक्यात आहे. आयोजकाला फोन करून मगच निघा, आणि गाडी जुन्या झाडाखाली लावू नका. पेठांत गाडी नेऊच नका हे त्याहून चांगलं. बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान हे मेट्रो स्थानक अगदी लागून आहे. टिळक रस्त्याला स्वारगेट किंवा मंडई स्थानकावरून चालत जाता येतं. साडेनऊचं नाटक मात्र बाराच्या पुढं संपतं आणि तेव्हा मेट्रो नसते. रिक्षाचे पैसे बाजूला ठेवूनच ते तिकीट काढा.

पालखीच्या दोन रात्री

ज्येष्ठ वद्यात, बहुधा जूनमध्ये आणि काही वर्षी जुलैत, आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते. मुक्काम दोन रात्रींचा: माउलींचा भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. पालखी येते त्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर अख्खं शहर उभं असतं, तिथं दर्शनापेक्षा धक्केच जास्त मिळतात. मी सुचवीन ती मधल्या मुक्कामाच्या दिवसाची संध्याकाळ. भवानी आणि नाना पेठेतल्या शाळा, वाडे, मंडपांत दिंड्या उतरलेल्या असतात आणि प्रत्येक दिंडीचं भजन-कीर्तन वेगळं चालू असतं. एका दिंडीतून दुसरीत जात राहा. मराठवाड्याची चाल वेगळी, खानदेशाची वेगळी, आणि तुमच्या गावाकडची दिंडीही बहुधा भेटतेच. दिंडी क्रमांक आधी गावी फोन करून विचारून ठेवा, म्हणजे शोधणं सोपं जातं. जाताना साधी चप्पल घाला, पाण्याची बाटली जवळ ठेवा. वारकऱ्यांना काही द्यायचं असेल तर आधी विचारा. खाऊ ढिगानं आलेला असतो, कमी पडतात त्या पायाला लावायच्या मलमाच्या डब्या आणि पावसासाठी प्लास्टिकचे कागद.